इंजिनियरीचे दप्तर कोणाच्या बगलेत?

लोहारा तालुक्यातील एक सुतार गेल्या ज्येष्ठात आपल्या थोरल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. बाप पन्नाशीचा, बोटांवर पटाशीचे जुने वण. मुलगा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसलेला. बापाने पिशवीतून सातबाराचा उतारा काढून आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "अण्णा, पोराला इंजिनियर व्हायचंय. एक एकर काढायचं म्हणतो. काढू का नको?"

पैका कशाला लागतो म्हणून विचारता सगळी हकीकत बाहेर आली. तालुक्याच्या गावी त्यांना एक गृहस्थ भेटला होता. पुण्याच्या कॉलेजात मॅनेजमेंटच्या कोट्यातून जागा पक्की करून देतो, बी. एस्सी. आजच सोडा, ६०,००० रुपये आगाऊ द्या, बाकीचे मागाहून पाहू, असे त्याचे बोलणे. इकडे चालू कॉलेजात दाखला मागावयास गेले तर कारकून म्हणतो, तिसऱ्या वर्षाची फी आधी भरा, मगच बारावीची मूळ गुणपत्रिका हातात मिळेल. एक पुढून ओढतो, दुसरा मागून धरतो, आणि मध्ये सुताराचे पोर. बाप बिचारा विळ्याभोपळ्याच्या या ओढाताणीत वावर विकावयास निघाला.

वाचकहो, ही एका घरची गोष्ट असती तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. उमरगा, तुळजापूर, कळंब, भूम, कोठेही जा, बी. एस्सी.च्या वर्गात असे पाचदहा तरुण निघतील. बारावीला गणित होते, सीईटीही दिली होती, पण ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेले त्या वर्षी शिकवणीची फी कोठून आणणार? २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुराने पीकच नव्हे, शेतातली मातीसुद्धा वाहून नेली. तशा घरातले पोर एस. टी.च्या पासावर जे कॉलेज जवळ पडेल त्यात नाव घालते. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी त्याला उमज पडते की आपले मन यंत्रात आहे, बांधकामात आहे. मग तो घरी तोंड उघडतो, आणि घर त्याच्यावर तुटून पडते. "दोन वर्षं वाया घातलीस!" बाप म्हणतो, चुलता म्हणतो, चावडीवर बसलेला रिकामटेकडाही म्हणतो.

आम्ही विचारतो, हे वाया कसे गेले? शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलगा बारावीनंतर वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा देतो, तेव्हा त्यास 'तयारी' म्हणतात. आमच्या मुलाने कॉलेजात जाऊन गणित आणि पदार्थविज्ञान शिकले, तर त्यास 'वाया' म्हणावयाचे! हा न्याय आमच्याच घरात आमच्याच मुलांवर आम्ही करतो याची लाज वाटावयास हवी.

दर वर्षी १५ सप्टेंबरला इंजिनियरीच्या कॉलेजांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार पडतो. हारवाल्यांस आमचा एक प्रश्न आहे. हे गृहस्थ बारावीतून थेट इंजिनियरीत गेले होते काय? मुळीच नाही. त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकून १८८१ साली बी. ए.ची पदवी घेतली. पितृछत्र लहानपणीच हरपलेले, शिकवण्या करून दिवस काढलेले. बी. ए. झाल्यावर ते इंजिनियरी शिकावयास पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले. पुण्यास ते आले ते म्हैसूर सरकारच्या विद्यावेतनावर. पुढे खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसविले. बी. ए.ची वर्षे वाया गेली असे त्यांना कोणी म्हणाले असेल तर ते इतिहासात नमूद नाही.

आणि विषय निघालाच आहे तर अर्धीच गोष्ट सांगून आम्ही थांबणार नाही. हेच विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असता तेथील महाराजांनी १९१८ साली मागासलेल्या वर्गांस नोकरीत जागा राखण्याचा विचार करण्याकरिता मिलर कमिटी नेमली. दिवाणसाहेबांस ते रुचले नाही आणि त्याच वर्षी त्यांनी दिवाणगिरी सोडली. सरकारी विद्यावेतनाची शिडी लावून आपण वर चढावे आणि मागून येणाऱ्यास गुणवत्तेचे व्याख्यान द्यावे, हा प्रकार आम्हास नवा नाही. त्यांच्या विद्वत्तेस आमचा नमस्कार, पण करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९०२ सालीच आपल्या राज्यातील निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या, हेही पंधरा सप्टेंबरच्या भाषणात कोणी तरी सांगावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुन्या काळी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या बगलेत असे. जमीन कुणब्याची, घाम कुणब्याचा, पण कोणाच्या नावावर किती आणि सारा किती, हे त्या बंद दप्तरातल्या मोडी अक्षरांत. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुळकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले ते एवढ्याचसाठी. आमच्या धाराशिवाकडे तर कागदाची भाषाच परकी होती. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दूतून शिकवीत असे. १९४८ साली निजामी गेली आणि कॉलेजात इंग्रजी आली. शेतकऱ्याच्या पोराला आपल्या हक्काचा नियम आपल्या भाषेत वाचावयाचा योग अद्याप यावयाचाच आहे.

इंजिनियरीच्या प्रवेशाचे नियम गुप्त नाहीत, छापलेले आहेत. पण जाडजूड पुस्तिका, बहुतेक इंग्रजीत, दर वर्षी थोडी बदललेली. मग ती वाचून दाखविणारा नवा कुळकर्णी जन्मास आला. तो एजंट आहे, शिकवणीवाला आहे, 'मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी लावून बसलेला आहे. आणि एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. हा नवा कुळकर्णी पुष्कळदा आमच्याच भावकीतला, आमच्याच जातीचा असतो. पागोटे बदलले म्हणून धंदा बदलत नाही.

त्याच्या दप्तरात जे आहे ते आम्ही आज चव्हाट्यावर मांडतो.

पहिली गोष्ट, बी. एस्सी. झालेल्या मुलास इंजिनियरीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हा नियम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा आहे, आणि आमच्या राज्याची प्रवेशप्रक्रियाही तो मानते. अटी दोन. बी. एस्सी.ला निदान ४५ टक्के गुण हवेत, मागासवर्गीयांस ४० टक्के. आणि बारावीला गणित घेऊन पास झालेले असावे. त्यास पुन्हा सीईटी द्यावी लागत नाही, पदवीच्या गुणांवर यादी लागते. ड्रॉइंगसारखे काही विषय मात्र मागाहून भरून काढावे लागतात.

आता बोटे मोजा, बाबांनो. बी. एस्सी.चे पहिले वर्ष संपवून जो मुलगा सोडतो आणि सीईटी देऊन इंजिनियरीच्या पहिल्या वर्षाला बसतो, त्याची एक आणि चार मिळून पाच वर्षे. दोन वर्षे करून जो सोडतो त्याची दोन आणि चार मिळून सहा. जो बी. एस्सी. पुरी करून थेट दुसऱ्या वर्षाला जातो त्याची तीन आणि तीन, म्हणजे सहाच! दोन वर्षे झालेल्या मुलाने मध्येच दावे तोडले तर हाती एक पदवी, आणि वर्षभर दम धरला तर तेवढ्याच काळात दोन पदव्या. मध्ये घरात कोणी आजारी पडले, पाऊस हुलकावणी देऊन गेला, इंजिनियरी अर्धी राहिली, तरी बी. एस्सी.चा कागद पेटीत राहतो. हे गणित चौथीतल्या मुलास येईल. मग एजंट ते का सांगत नाही? कारण थेट दुसऱ्या वर्षाच्या वाटेवर त्याची दलाली कोठेच बसत नाही.

पण आम्ही वकिली करीत नाही, म्हणून या वाटेचे काटेही सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागांवर पहिला हक्क पदविकावाल्यांचा, म्हणजे तंत्रनिकेतनातून आलेल्यांचा. बी. एस्सी.वाल्यांचा विचार त्यांच्या मागून. म्हणून पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळेल अशा आशेवर कोणी राहू नये. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यास हे दार बंद आहे. आणि जो मुलगा पदार्थविज्ञान जमत नाही म्हणून बी. एस्सी. सोडून पळतो आहे, त्याने इंजिनियरीत जाऊच नये. तेथे तेच पदार्थविज्ञान आणि तेच गणित दुप्पट होऊन उभे आहे. आगीतून फुफाट्यात.

पहिलेच वर्ष झाले असेल तर प्रकरण वेगळे. तेव्हा सोडण्यात एक वर्ष खरोखर वाचते. मुलाची तयारी असेल तर त्याने बी. एस्सी.त नाव ठेवून सीईटीस बसावे आणि निकाल हातात आल्यावर काय ते ठरवावे. त्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. ज्याचे गणित पक्के त्याला एवढे पुरे.

कारागीर घरांकरिता आणखी एक वाट आहे आणि ती आम्हास सर्वांत जवळची वाटते. आय. टी. आय.चा दोन वर्षांचा अभ्यास केलेला मुलगा तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जातो. तसाच बारावी विज्ञान झालेलाही जातो. पदविका झाली की इंजिनियरीच्या थेट दुसऱ्या वर्षाला पहिल्या रांगेत. धाराशिवात सरकारी तंत्रनिकेतन आहे. लोहाराच्या, सुताराच्या, गवंड्याच्या मुलास ही वाट लांबची वाटेल, पण वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर पोटापुरते काम मिळण्याजोगा कागद हाती येतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम देशी भाषेतून शिकविण्यास आरंभ केला, तो हाताच्या विद्येला अक्षराची जोड मिळावी म्हणून. आमच्या घरांत मात्र आय. टी. आय.चे नाव काढले की नाके मुरडतात. बापजाद्यांनी ज्या हातांनी पोट भरले त्या हातांची लाज!

आता पैशाचे बोलू. एजंट ज्याला पक्की जागा म्हणतो ती मॅनेजमेंटच्या कोट्यातली जागा. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरातील मुलास राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून शिक्षणशुल्काची निम्मी सवलत मिळते. घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. पण ती सवलत सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्यासच आहे. मॅनेजमेंटच्या दारातून जो आत शिरला त्याची सवलत गेली, एका वर्षाची नव्हे, चारही वर्षांची. मुलींचे तर याहून मोठे नुकसान. २०२४-२५ पासून अशा घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे, तेही केंद्रीभूत प्रवेशातूनच. म्हणजे एजंटाला ६०,००० द्यावयाचे ते कशासाठी? आपली सवलत आपल्याच हातांनी बुडविण्यासाठी. विकत घेतलेले विषही इतके महाग नसेल. अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. एजंटाच्या तोंडून हे नाव निघालेले आम्ही तरी ऐकले नाही.

राखीव जागेवर जाणाऱ्याने जात वैधता प्रमाणपत्राचे काम आजच सुरू करावे. बी. एस्सी.ला ते कोणी विचारले नाही म्हणून गाफील राहिलेली मुले ऐन प्रवेशाच्या आठवड्यात कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली आम्ही पाहिली आहेत.

आणि गुणपत्रिका अडवून ठेवणाऱ्या कारकुनाचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्वच्छ सांगितले आहे की विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे कॉलेजाने ठेवून घेऊ नयेत. तपासावीत आणि परत करावीत. गुणपत्रिका ही मुलाच्या घामाची मिळकत आहे. ती गहाण ठेवण्याचा अधिकार कॉलेजास कोणी दिला? सावकाराने दागिना ठेवून घेतला तर निदान पावती तरी देत असे.

सरकारलाही आम्ही मोकळे सोडीत नाही. २०२१ साली आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. विद्यार्थ्याने एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी जमा धरावे हा तिचा हेतू. हेतू नामी आहे. परंतु बी. एस्सी.ची दोन वर्षे गणित आणि पदार्थविज्ञान शिकलेला मुलगा मध्येच इंजिनियरीकडे वळला तर त्यास पुन्हा सीईटी देऊन पहिल्या वर्षालाच बसावे लागते. बँकेत पैसा आहे आणि खातेदाराला काढता येत नाही, तर ती बँक कोणाच्या कामाची?

काही शहाणे आम्हास सांगतात, इंजिनियर उदंड झाले, बेकार फिरतात, शेतकऱ्याच्या मुलाने शेतीच पाहावी. बेकार फिरतात हे खोटे नाही. १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांस वाट मोकळी झाली, त्या काळात आमच्या जिल्ह्यातही धाराशिवास आणि तुळजापुरास कॉलेजे उभी राहिली. आमची मुले घरच्या भाकरीवर इंजिनियर होऊ लागली, हा लाभ मोठा होता. राज्यभर पुढे पुष्कळ कॉलेजे नुसती दुकाने झाली, हेही खरे. पण हा उपदेश करणाऱ्याची स्वतःची मुले कोठे आहेत ते एकदा विचारून पाहा. महात्मा जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते की सारा रयतेचा आणि वरची विद्या दुसऱ्यांच्या घरी. शिवाय ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. चुन्याचा आणि दगडाचा हिशेब त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आणि आमच्या जिल्ह्याला इंजिनियर नकोत म्हणणाऱ्याने एकदा सास्तूरला जाऊन यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा माणसे मारली ती धरणीकंपाने कमी आणि घरांनी जास्त. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचे ओझे. काही ठिकाणी भिंती ढासळल्या पण सुताराने नीट जोडलेला लाकडी सांगाडा उभा राहिला, आणि त्याखालची माणसे वाचली. पुढे पुनर्वसनाला बाहेरचे इंजिनियर आले, त्यांनी कामही केले. पण आमच्या मातीची, आमच्या दगडाची, आमच्या खणाची ओळख ज्याच्या बोटांत आहे आणि ज्याला वजन व ताण यांचा हिशेबही येतो, असा माणूस आमच्या घरातून किती निघाला? हा प्रश्न त्या पहाटेपासून तसाच पडून आहे.

लोहाऱ्याच्या त्या मिस्त्रींनी तेव्हा सास्तुरात ढिगाऱ्याखालून तुळया ओढल्या होत्या. हे त्यांनी निघताना सांगितले, उतारा पिशवीत परत ठेवता ठेवता. जमीन विकावयाची नाही असे ठरले. मुलगा तिसरे वर्ष पुरे करणार, पुढल्या वर्षी थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरणार. शाखा कोणती म्हणून विचारले तर म्हणाला, स्थापत्य. आम्ही म्हटले, ड्रॉइंग आतापासून बापाकडे शीक. तेव्हा कोठे त्याने मान वर केली.

एजंटास अद्याप एक पैही दिलेली नव्हती, हे नशीब. गुणपत्रिकेसाठी आम्ही त्यांस आयोगाच्या २०१८ च्या सूचनेची प्रत काढून दिली. मुलाने ती मराठीत समजावून लिहून अर्जासोबत जोडली. चार दिवसांनी गुणपत्रिका मिळाली, फी न भरता.

आता जिल्ह्यातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या प्राचार्यांस आमचे जाहीर मागणे आहे. थेट दुसऱ्या वर्षाचा नियम, त्याच्या अटी, फीच्या सवलती आणि मूळ कागदपत्रे परत मिळण्याचा हक्क, हे सर्व मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या फाटकाशी पाटीवर लावावे. खर्च एका फळ्याचा आणि दोन खडूंचा आहे. आठही तालुक्यांत आमची माणसे आषाढात फिरणार आहेत. कोणत्या फाटकाशी पाटी आहे आणि कोणत्या फाटकाशी नाही, याची यादी आम्ही याच पानावर छापू.